पाण्याचा दिवस

वाळूजच्या कारखान्यामागचं मैदान, माघातला शनिवार.
मनगटाला निळी कागदी पट्टी चिकटवून
बिअर महोत्सवाच्या फाटकातून त्यांनी मला आत सोडलं,
जशा मी बाटल्या सोडतो,
उजेडासमोर एकदा फिरवून.

अकरा वर्षं तेच करतोय.
तडा, काडी, माशी, कमी भरलेली मान.
रात्री तीनला सगळ्या बाटल्या एकाच आईच्या दिसतात
आणि माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो.
तेव्हा एजाजनं माझ्या एका कानात हे कोंबलं होतं.
"सुन मियाँ, नींद उडतीच देख."
दुसरा कान नियमाप्रमाणं यंत्रासाठी मोकळा.
इकडून पट्ट्यावरच्या काचेचा खळखळाट,
तिकडून बेस,
चार-पाच मिनिटं एकमेकांना धक्के मारत चालले
आणि मग अचानक एका पावलावर आले.
बँडचं नाव 'तिसरी पाळी'.
वाटलं, असतील आपल्यातलेच कुणी.

नव्हते. पुण्याहून आले, गार गाडीतून.
पण सॅक्सोफोनवाला आमोस निर्मळ जालन्याचा,
बापाचा ब्रास बँड, मिशन कंपाउंडात खोली.
माईकवर म्हणाला,
"मोंढ्यात नवरदेवाचा घोडा बिथरला तेव्हा शिकलो,
बाजूला व्हायचं, सूर नाही सोडायचा."
आणि फुंकला.

मानिनी डोईफोडेचा अंगठा तारेवर असा पडतो,
दार वाजवून पळणारं पोर जसं.
ड्रमवाला ठोका पाडायच्या जागी पाडतच नाही.
अंधारात जिना उतरताना
आहे वाटलेली पायरी नसावी,
तसं पोटात होतं,
आणि पुढच्या पायरीवर तो उभाच असतो, हसत.

मी ग्लास घेतला. सवयीनं उजेडासमोर धरला.
शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला,
"काका, प्यायची असते ती."
प्यालो. नान-खलियाच्या ठेल्यावरून धूर येत होता,
आमचा फोर्कलिफ्टवाला सांडू तिथं
कमरेतून मागं-पुढं, मागं-पुढं,
जणू अजून क्रेट उचलतोय.

मग खिसा थरथरला. बेसमुळं असेल म्हणून सोडून दिलं.
पुन्हा थरथरला.
खालच्या काकूंचा निरोप: नळ आले. धार बरी आहे.

आठव्या दिवशी येतं आमच्याकडं. पाऊण तास.
परवा येणार होतं.
शिवकांता घाटीत, रात्रपाळीला.
घरी दोन पिंपं, दोन्ही कोरडी.
हातातल्या एका ग्लासासाठी पाणी किती लागतं
तो आकडा मला पाठ आहे.
आज नाही सांगत.

आमोसनं सॅक्सोफोन उलटा करून थुंकी झटकली.
मानिनीनं तीन सूर वाजवले, फक्त तीन,
आणि मला कळलं, हे 'रिकामा क्रेट'.
हजार वेळा ऐकलं असेल, एका कानानं.
दोन कान घेऊन आलो होतो आज.

चौथा सूर गाडीला किक मारताना ऐकला.

रस्त्यावर आधी गिटार गेली,
मग आमोस, वाऱ्यावर एकदा वर आला आणि बुडाला.
बेस मात्र गोलवाडीच्या पुढंही होता.
की माझंच इंजिन होतं, नाही सांगता येत.
छावणीत सिग्नल हिरवा झाला
तरी मी ब्रेकवर पाय आपटत बसलो,
मागचा रिक्षावाला खवळेपर्यंत.

घरी पाइप लावला.
पाणी पिंपात पडताना आधी जाड बोलतं,
मग भरत जाईल तसं बारीक, बारीक.
मनगटावरची पट्टी भिजून हाताला निळी लागली.
मी पिंपाच्या कुशीवर अंगठा मारून पाहिला.
पुन्हा मारला, पायरी सोडून.

काकू खालून ओरडल्या,
"काय वाजवतोयस रे? भर आधी."

भरत होतोच.
दुसरं पिंप अजून रिकामं होतं.
त्याचा आवाज जास्त चांगला होता.